काळ्या फियाटचं पॉलिश

आमच्या घरमालकांनी माझ्या ओट्यावर पहिल्यांदा गाडीचं पॉलिश लावलं तेव्हा मी त्याच ओट्यावर परात ठेवून भाकरी थापत होते. विचारणं नाही की सांगणं नाही. दार उघडं होतं, ते आत आले. हातात एक चपटा डबा आणि मऊ फडका. ओट्याच्या कोपऱ्यावरचं पीठ फुंकरीनं उडवलं आणि लागले घासायला.

मी म्हटलं, "मालक, हे काय चाललंय?"

"तुमचा कडाप्पा काळा, माझी गाडी काळी," ते म्हणाले. "गाडीवर काही चुकलं तर गाडी जाईल. ओट्याचं काय जाणार आहे?"

मी सांगितलं, ओट्याचं जाऊ द्या, भाकरीला वास आला तर ती भाकरी तुम्हालाच आणून देईन. ते म्हणाले, द्या. वास आलाच. रॉकेलचा. मी ताटलीत भाकरी घेतली, वर पिठलं घातलं आणि त्यांच्या दारात नेऊन उभी राहिले. माणूस लाजेल असं मला वाटलं होतं. त्यांनी उभ्या उभ्या सगळी भाकरी खाल्ली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "हे पॉलिश बाद. वास अजून आहे, म्हणजे यात मेण कमी आणि रॉकेल जास्त." मी अद्दल घडवायला गेले होते आणि त्यांची अर्धी चाचणी मीच करून दिली होती. हा माणूस कोणत्या जातकुळीचा आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी त्यांना ओट्याचा एक कोपरा देऊनच टाकला. सांगितलं, हा तुमचा, पलीकडे यायचं नाही.

सातपूरला त्यांचं बैठं घर होतं. पुढं ते आणि माई, म्हणजे त्यांची बायको. मागच्या दोन खोल्यांत आम्ही. आमचे हे कारखान्यात पाळीला जायचे. बाजूला पत्र्याची शेड, तिच्यात ती काळी फियाट. आम्ही राहायला गेलो ते त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. मालक तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते.

त्यांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेली आणि संसारही तिथल्याच क्वार्टरमध्ये झाला. माई सांगायच्या, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख, पापडांवर राख, दुधाच्या सायीवर राख. तेव्हाच मालकांनी ठरवलं होतं की रिटायर झालो की राख येणार नाही अशा ठिकाणी घर बांधायचं आणि एक वस्तू अशी ठेवायची की जी काळी असेल आणि काळीच राहील. कोळशात आयुष्य गेलेल्या माणसाला काळ्याचा कंटाळा यायला हवा. यांचं उलटं. म्हणायचे, "कोळशाला किंमत काळा असेपर्यंत. पांढरा झाला की ती राख."

राखेपासून लांब म्हणून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला प्लॉट घेतला, आणि घराच्या मागच्याच बाजूला एक छोटं वर्कशॉप निघालं. दिवसभर ग्राइंडर चालायचा. लोखंडाचा बारीक चुरा उडून यायचा, गाडीवर बसायचा आणि दमट हवेत तांबूस ठिपके पडायचे. आमचे हे म्हणायचे, लोक आगीतून फुफाट्यात जातात, आपले साहेब फुफाट्यातून आगीत आलेत. मालकांनी ते एकदा ऐकलं. रागावले नाहीत. उलट यांना विचारलं की तुमच्या कारखान्यात लोखंडाचा चुरा पुसायला काय वापरतात.

काळी फियाट म्हटली की लोकांना टॅक्सीच वाटायची. एकदा ते मेहुण्याला आणायला नाशिकरोड स्टेशनवर गेले. गाडी उभी केली न केली, तोच एक परगावचं कुटुंब बोचकी घेऊन मागच्या सीटवर बसलंसुद्धा. म्हणे त्र्यंबकला सोडा. दुसरा कोणी असता तर भांडला असता. यांनी त्यांना खाली उतरवलं, बोचक्यांत काही टोकदार नाही ना ते चाचपलं, सगळ्यांच्या चपला झटकून घेतल्या, पुन्हा आत बसवलं आणि त्र्यंबकला नेऊन सोडलं. भाडं घेतलं नाही. मेहुणा तिकडं स्टेशनवर ताटकळत. शेवटी रिक्षा करून आला तो माईंवर ओरडतच. मालक परत आल्यावर माईंनी विचारलं, हे काय केलंत? तर म्हणाले, "त्याच्या पॅन्टच्या मागच्या खिशाला धातूचं बटण आहे. टेकला असता तर ओरखडा पडला असता. ती माणसं धोतरातली होती."

येणाऱ्याजाणाऱ्याकडे ते याच नजरेनं बघायचे. पट्ट्याचं बक्कल, बांगड्या, छत्रीचं टोक. माणूस त्यांना त्यानंतर दिसायचा.

पॉलिश निवडणं हा त्यांचा धंदाच होऊन बसला होता. खिडकीच्या कट्ट्यावर डबे आणि बाटल्या ओळीनं मांडलेल्या. दुसऱ्याच्या घरात लोणच्याच्या बरण्या असतात तशा. बाटलीतलं पातळ पॉलिश त्यांना आवडत नसे. ते ओरखडे भरून काढतं, चार दिवस गाडी चमकते, पाऊस झाला की सगळं पुन्हा वर येतं. त्याला ते पाहुण्यासमोरचं वागणं म्हणायचे. डब्यातलं घट्ट मेण बरं, पण तेही काळ्या रंगावर पांढरट पडतं, आणि दाराच्या फटीत, गाडीवरच्या नावाच्या अक्षरांच्या कडेला जाऊन बसतं. ते काढायला ते माईंच्या केसांची पिन घ्यायचे, तिला कापूस गुंडाळून. मग रबिंग. ती राखाडी पेस्ट, तिनं रंगाचा वरचा मळका थर घासून निघतो. रबिंगबद्दल ते फार जपून बोलायचे. वर्षातून एकदा, तेही गरज असेल तर. "रबिंग म्हणजे उपास," म्हणायचे. "अधूनमधून केला तर तब्येत सुधारते. रोज केला तर माणूस जातो." हे त्यांचंच वाक्य, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

डबा उघडला की आधी वास घ्यायचा. मग चिमूटभर मेण बोटांत चोळायचं. मग माझ्या ओट्यावर लावायचं, वाळू द्यायचं, पुसायचं आणि वरून पाण्याचे चार थेंब टाकायचे. थेंब गोल उभा राहिला तर पास. पसरला तर नापास. भाजी फोडणीला टाकून मीही ते बघायला लागले होते, खोटं कशाला बोलू. एकदा एक थेंब इतका गोल उभा राहिला की त्यात खिडकी दिसत होती. मालकांनी माईंना हाक मारून बोलावलं. माई आल्या, बघितलं, म्हणाल्या, "झालं?" आणि गेल्या.

फडक्याचा वेगळा शास्त्रार्थ. नवं कापड चालायचं नाही, त्याला खळ असते. नायलॉन तर शत्रूच. धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी सगळ्यात चांगली. मी दोरीवर साडी वाळत घातली की मालक पदर बोटांत धरून बघायचे. एकदा माझी चांगली हिरवी सुती साडी चाचपत म्हणाले, "बाई, ही कधी फाटेल?"

मी म्हटलं, "मी नेसतेय अजून. तुमची घाई असेल तर तुमचं धोतर फाडा."

"धोतर संपलं," ते म्हणाले. खरंच संपलं होतं. माईंनी नंतर सांगितलं, लग्नातलंसुद्धा.

आणि पुसायचं ते सरळ. पुढून मागे. गोल फिरवलं की काळ्या रंगावर उन्हात कोळ्याचं जाळं दिसतं, हे त्यांनी मला दाखवलंही होतं. तेव्हापासून कोणी काही गोल पुसताना दिसलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. मी ओटा पुसताना ते दारातून सांगायचे, सरळ पुसा. आमचे हे म्हणाले, जपून, उद्या भाकरीपण सरळ थापायला लावतील.

दसऱ्याला सगळी आळी आपापल्या गाडीच्या नाकावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढायची. यांच्या गाडीला माई टायरला कुंकू लावायच्या, कारण बॉनेटला बोट लावायची सोय नव्हती. झेंडूची माळसुद्धा गाडीला घालायची नाही, गाडीच्या समोर शेडच्या खिळ्याला लटकवायची. देवी समजून घेईल, असं मालक म्हणायचे. माई काही म्हणायच्या नाहीत. त्या बाईचा स्वभावच तो. चाळीस माणसांचं वाढून झाल्यावर कुणाला मीठ वाढायचं राहिलं का विचारणारी बाई, पण नवऱ्यापुढं तोंड उघडायची नाही.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग पॉलिश बिघडायला लागलं.

म्हणजे मालक तसं म्हणायचे. आधी नेहमीचा डबा बाद झाला. पुसल्यावर वर पांढरट साय राहते, म्हणाले. दुकानदाराशी भांडून आले की कंपनीनं माल बदललाय. दुसरा डबा आणला. तीच साय. तिसरा, तोच प्रकार. मग पाण्याला दोष दिला, बोअरचं पाणी बंद करून प्यायचं पाणी गाळून घ्यायला लागले. मग मी दिलेल्या जुन्या साडीच्या फडक्याला, की त्यात मिलावट आहे. मग वर्कशॉपला. मग उन्हाला. दरवेळी ती साय काढायला रबिंग. आधी महिन्यातून एकदा, मग दर आठवड्याला, मग मन लागेना म्हणून मधल्या वारीही. स्वतःचंच वाक्य ते विसरले होते.

गाडीवर साय नव्हती. मला दिसत होतं, आमच्या यांना दिसत होतं, दूधवाल्यालाही दिसत होतं. उलट इतकं घासून बॉनेटच्या कडेचा काळा रंग उडाला होता आणि खालचा तांबडा अस्तराचा रंग वर आला होता. दारांच्या उंचवट्यांवर तसंच. फक्त मालकांना ते दिसत नव्हतं. त्यांना दिसायची ती साय.

माझ्या सासूला मोतीबिंदू झाला होता. ती चुलीला दोष द्यायची की धूर फार होतो, आणि चूल विझलेली असायची. त्यामुळं मला काही कोडं पडलं नाही. मी माईंना सांगितलं. माईंना ठाऊक होतं. बशीबाहेर सांडलेला त्यांचा चहा त्या रोज पुसत होत्या. म्हणाल्या, मी एकदा डोळ्याचं बोलले तर दोन दिवस जेवले नाहीत. म्हणाले, बॉनेटमध्ये मला माझं तोंड दिसतं, डोळे चांगले आहेत. आणि वर हातच जोडले, "तुम्ही काही बोलू नका हो, त्यांना बीपी आहे."

मी नाही बोलले. घर त्यांचं, नवरा त्यांचा, गाडी त्यांची. पण मग चैत्र आला. चैत्रात दोघं वणीला, सप्तशृंगीच्या गडावर जायचे. गाडीनं. दिंडोरीपर्यंत सरळ रस्ता, पण पुढं नांदुरीचा घाट, एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला काही नाही. आदल्याच आठवड्यात मालकांनी गाडी बाहेर काढताना फाटकाचा खांब घासला होता आणि खांब कोणी हलवला म्हणून विचारत होते. माई माझ्या दारात आल्या, खणाची घडी हातात. घडी मोडायच्या, पुन्हा घालायच्या. म्हणाल्या, मागच्या वर्षी घाटात मी डोळे मिटूनच बसले होते. मी म्हटलं, मग दोघांचे मिटलेले. त्या हसल्या नाहीत.

तेव्हा मी ठरवलं, आता बास.

दुसऱ्या दिवशी मालक नवा डबा घेऊन ओट्याशी आले. लावलं, पुसलं, वाकून बघितलं. म्हणाले, "इथंही साय धरतंय. सगळा मालच खोटा."

ओट्यात वरची ट्यूबलाइट लख्ख दिसत होती. मी फडताळातून माझा हिंगाचा डबा काढला. तोही चपटा, गोल, पिवळा. हातभर लांब धरला आणि म्हटलं, "मग हे बघा बरं. हे कोणतं?"

त्यांनी डोळे बारीक केले. "हे आपलं जुनं. घट्ट मेणाचं. कुठं मिळालं तुम्हाला?"

मी झाकण उघडून नाकापुढं धरलं. त्यांनी वास घेतला आणि मान मागे घेतली.

मी म्हटलं, "मालक, साय गाडीवर नाही. तुमच्या डोळ्यात आहे. मोतीबिंदू झालाय. गाडीचा रंग घासून घासून तुम्ही अस्तर वर काढलंय. आणि त्या डोळ्यांनी तुम्ही माईंना घाटात नेणार आहात."

मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. फडक्याची नीट घडी घातली, डबा उचलला, दारापाशी गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा."

संध्याकाळी हे पाळीवरून आले. मी सांगितलं. म्हणाले, "तुला लय बोलायची हौस." मग चहा प्याले आणि म्हणाले, "हिंगाचा डबा? खरंच?" आणि हसत सुटले. पण दुसऱ्या दिवसापासून खोली शोधायला लागले.

गडावर जायचा दिवस आला तेव्हा मी मुद्दाम बाहेर धुणं घेऊन बसले होते. मालकांनी गाडी शेडमधून काढली. उन्हात ती काळी-तांबडी दिसत होती, गावठी कोंबड्यासारखी. इंजिन चालू. माई हिरवी साडी नेसून आल्या, ओटीची पिशवी हातात. मालकांनी आतून दार उघडून दिलं. माई दाराशी आल्या आणि थांबल्या.

"तुम्ही या गाडीनं," त्या म्हणाल्या. "मी एसटीनं जाते. पोचलात तर वर भेटू."

चप्पल सावरली आणि फाटकाबाहेर पडल्या. आवाज चढवला नाही, मागं वळून बघितलं नाही. बसस्टॉपच्या रस्त्याला लागल्या तशा मला पहिल्यांदा वाटलं की ही बाई उंच आहे.

मालक दार उघडं ठेवून बसून राहिले. इंजिन चालूच. माझी एक बादली पिळून झाली. मग त्यांनी इंजिन बंद केलं, हाताने ढकलत गाडी आत घ्यायला लागले. एकट्याला जमेना. मी साबणाचे हात परकराला पुसले आणि मागून जोर लावला. त्यांनी "हात लावू नका" म्हटलं नाही. गाडी आत गेली. म्हणाले, "तुमच्या सासूबाईंचं ऑपरेशन कोणाकडे केलं होतं?"

"केलंच नव्हतं," मी म्हटलं. "म्हणून तर सांगतेय."

माई संध्याकाळी एसटीनं परत आल्या. प्रसादाचा पेढा आमच्याकडेही आला. त्याच महिन्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. खोल्या रिकाम्या करायचं कोणी पुन्हा काढलं नाही. आमचे हे मात्र आठवडाभर खोल्या बघत राहिले, आणि बघितलेल्या प्रत्येक खोलीबद्दल घरी येऊन सांगायचे, तिथं ओटा पांढरा आहे.

पट्टी सुटली आणि काळा चष्मा उतरला तेव्हा मालकांनी आधी घर बघितलं. छताची जळमटं दिसली. माईंचे केस इतके पांढरे कधी झाले म्हणून विचारलं. माई म्हणाल्या, तुम्ही पॉलिश लावत होतात तेव्हा. मला बघून म्हणाले, तुम्ही बाई फार वाळलात. मी म्हटलं, होतेच तशी.

मग शेडमध्ये गेले. आम्ही दोघी दारात उभ्या. त्यांनी आच्छादन काढलं, गाडीभोवती एक फेरी घातली. बॉनेटच्या कडेवर जिथं तांबडं उघडं पडलं होतं तिथून बोट फिरवलं. पुढून मागे.

"सगळ्यांना दिसत होतं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना," मी म्हटलं.

"हे मीच केलं."

माई काहीतरी बोलणार होत्या, मी त्यांचा दंड धरला. खरं होतं ते. नाही म्हणण्यात काय अर्थ?

आमच्या यांनी नंतर सुचवलं की कारखान्याजवळ एक रंगवाला आहे, चांगलं काम करतो, नवा काळा मारून देईल. मालक म्हणाले, कंपनीचा रंग एकदाच असतो, दुसऱ्यांदा मारलेला म्हणजे कलप. मेण लावणं त्यांनी सोडलं नाही, रबिंगचा डबा मात्र माईंच्या हाती दिला. माईंनी तो कुठं ठेवला हे त्यांनी विचारलं नाही.

गाडी पुन्हा चालवायला लागले. माई शेजारी बसायच्या, डोळे उघडे ठेवून.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलं होतं. डॉक्टरकडून निरोप आला, मालक पुढच्या महिन्यात म्हणाले. पुन्हा निरोप आला, पाऊस संपू दे म्हणाले. मी म्हटलं आता काय अडलंय यांचं. एक दिवस सकाळी मी दूध घ्यायला बाहेर आले तर मालक शेडमध्ये खुर्ची टाकून गाडीसमोर बसलेले. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवलेला, डाव्यानं बघत होते.

मी विचारलं, "मालक, दुखतोय का?"

"नाही," ते म्हणाले. हात काढला नाही. "यातनं बघितलं की अस्तर दिसत नाही. सगळी काळीच दिसते. वर थोडी साय आहे, ती चालेल."

माईंनी पुढच्या वेळी स्वतःच डॉक्टरकडे नेलं. मीही सोबत होते. डॉक्टर म्हणाला, या डोळ्यातला मोतीबिंदूही आता पिकलाय, काढून टाकू, दोन्ही डोळ्यांनी सारखं दिसेल. मालकांनी ऐकून घेतलं आणि चष्मा खिशात घातला.

"राहू द्या," म्हणाले. "तो मला लागतो."